पडद्यामागचा सिनेमा आणि फुईचा हात

मुक्या सिनेमातली पोरं किती गोड असत, ते ज्यांनी पाहिलं त्यांनी सांगावं. मला दिसला तो बहुतेक फुईचा तळहात.

फुई म्हणजे वडिलांची बहीण. कोवळ्या वयात विधवा होऊन आमच्याकडे परत आलेली. नंदुरबारच्या बाजाराच्या मैदानात तंबूचा सिनेमा आला, तेव्हा फुईला सोबत न्यायच्या अटीवर वडिलांनी मला जाऊ दिलं. दुसऱ्या दिवशी तंबू प्रकाशा गावाला हलणार होता. म्हणजे बघायचं तर आजच.

बायकांना पडद्याच्या मागे बसवत. कापडावर बादलीनं पाणी मारलं की उजेड आरपार येई आणि आम्हालाही चित्र दिसे, पण उलटं. डावीकडचं सगळं उजवीकडे, चित्रांच्या मधे मधे येणारी अक्षरंसुद्धा उलटी. त्याचं मला काही नव्हतं. पोरं कुठल्याही बाजूनं पळाली तरी हसू येणारच. विलायती पोरांची टोळी होती ती. त्यात एक जाड्या होता आणि बापाची विजार घालून फिरणारं एक एवढंसं शेंबडं.

जाड्या मागे मागे सरकत पिठाच्या पिंपाशी आला, सगळा तंबू गप्प झाला, आणि माझ्या डोळ्यांवर फुईचा हात आला.

"देखू नको. देखी देखी तूबी तसंच करशी!"

पलीकडे पुरुषांचा हशा फुटला. हात निघाला तेव्हा जाड्या पांढराफटक होऊन उभा. पडला कसा? देव जाणे! मग बकरी जुंपलेली गाडी उतारावरून सुटली, पुन्हा हात. शेंबडं झाडावरून शिपायाच्या डोक्यावर आलं, पुन्हा हात. मी चिमटे काढले, मान हिसडली, तर तिनं मला मांडीत आणखीच आवळलं. अहो, पोरांच्या खोड्या बघायच्या नाहीत तर तिथं बघायचं काय, तंबूचे बांबू? संतापानं मला रडू यायचंच बाकी होतं.

शेवटचं रीळ लागलं. शेंबडं भिंतीवर चढलं. खाली चिखलाचा हौद. हात आलाच. या वेळी मात्र मी दोन्ही हातांनी तिचं मनगट धरून खाली ओढलं, आणि आता झाक बघू, म्हणून रागानं तिच्याकडे वळले.

फुई हसत होती. तोंडात पदराचा बोळा, डोळ्यांतून पाणी, सगळं अंग गदगदत होतं. घरात तिला हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. विधवा बाईनं हसलेलं आमच्याकडे खपतही नसे. मी तिच्याकडे बघतच राहिले. तेवढ्यात पडायचं ते पोर पडून गेलं आणि पडद्यावर नुसतं पांढरं कापड उरलं.

शेंबडं हौदात पडलं की नाही, ते घरी येताना मी धुसफुसत विचारलं, "फुई, तो पोऱ्या पडना का?"

"माले काय माहीत?" डोक्यावरचा पदर डोळ्यांपर्यंत ओढत ती म्हणाली. "मन्हा बी डोया मिटेलच व्हतात."