पंचविसांचा नियम

माझ्या मावशीला एका जागी स्वस्थ बसवणं आजवर कोणाला जमलेलं नाही. साबणाची पावडर भरणाऱ्या कारखान्यात ती वजन तपासते. यंत्राखालून पंचवीस पाकिटं उचलायची, तोलायची, सरासरी काढायची. पाचशे ग्रॅमचं एखादं पाकीट दहा ग्रॅम इकडेतिकडे असतंच. पण पंचवीस एकत्र घेतली की जड-हलकं एकमेकांना सांभाळून घेतं आणि सरासरी जेमतेम दोन ग्रॅम हलते. ती पाच ग्रॅमने घसरली तर यंत्र बिघडलं समजायचं. मग मावशी लाल बटण दाबते आणि सगळं काम थांबतं.

तिला नात झाली, दोन किलो आठशे ग्रॅमची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इथल्या बाळांची सरासरी तीन किलोची, चारशे ग्रॅमचा फरक नेहमीचाच, शंभरात तीसेक बाळं हिच्याहून हलकी असतात. मावशीचं डोकं मात्र कारखान्यात. दहाचे दोन, तसे चारशेचे ऐंशी, म्हणजे ऐंशीच ग्रॅम इकडेतिकडे चालतील; आणि पोर तर दोनशेने कमी!

मग स्वयंपाकघरातला काटा पाळण्याशेजारी आला. दूध पाजण्याआधी वजन, पाजल्यावर वजन. झोपलेल्या पोरीलाही उचलून काट्यावर. सून रडकुंडीला आली. मावसभाऊ नेहमीसारखा मूग गिळून गप्प; त्याचा तर मला मावशीपेक्षा जास्त राग आला. शेवटी सुनेने बॅग भरली आणि बाळाला घेऊन माहेरी निघाली.

मावशी दारात आडवी उभी राहिली. तिथे तरी वजन करशील ना, म्हणून विचारू लागली.

सुनेने बॅग खाली ठेवली. "आई, एकच पाकीट पाच ग्रॅम हलकं निघालं, तर तुम्ही यंत्र थांबवता?"

"एकासाठी कोण थांबवतं? एखादं असतंच तसं. पंचविसांची सरासरी घसरली तर गोष्ट वेगळी."

"मग ही किती आहेत?" सुनेने कुशीत झोपलेल्या बाळाकडे बोट दाखवलं.

मावशीने काट्याकडे पाहिलं, मग बाळाकडे. तिचे डोळे भरून आले.

"एकच आहे गं," ती म्हणाली आणि हात पुढे केले.

सून क्षणभर घुटमळली, मग तिने बाळ दिलं. मावशी काट्याजवळून तशीच पुढे गेली आणि खुर्चीत बसली. बाळ जागं होईपर्यंत ती उठली नाही. पाय तेवढे हलत होते.