सोपानाचा वस्तरा आणि माझा गळा

वस्तरा माझ्या गळ्यावर होता आणि सोपाना रडत होता.

"नामदेव, हलू नका," मुलाणी बाई म्हणाल्या.

"बाई, हलायला यानं जागा कुठं ठेवलीय," मी ओठ न हलवता म्हणालो.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी मुळशीतल्या एका सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होतो. शिक्षण चौथी. पट्ट्या बांधायच्या, सुया उकळायच्या, पेशंटला धरून ठेवायचं, ही माझी कामं. गळा पुढं करणं त्यात नव्हतं. डॉक्टर मुलाणी बाई दर गुरुवारी पुण्याहून यायच्या. त्या मनाच्या डॉक्टर. त्यांच्या खोलीकडं जाताना लोक दात दुखतोय असं सांगून जायचे.

सोपाना जवळच्या भरे गावचा न्हावी. माझ्याच वयाचा. हात हलका आणि तोंड अखंड चालू. त्याच्यापुढं दाढीला बसलं की कुणाची म्हैस व्याली, कुणाचं जमलेलं लग्न फिसकटलं, सगळं कळायचं. पेपरची गरज नव्हती.

मग तो अपघात झाला. वऱ्हाडाच्या ट्रकात सोपाना आणि त्याचा थोरला भाऊ किसन ड्रायव्हरशेजारी बसले होते. मुठ्याकडच्या वळणावर ट्रक कलंडला. काच किसनच्या गळ्यात घुसली. सोपानानं दोन्ही हातांनी गळा दाबून धरला. किसन त्याच्या मांडीवरच गेला.

त्यानंतर सोपाना गप्प झाला. आणि धुवायला लागला. वस्तरा धुवायचा, हात धुवायचे, परत वस्तरा. गिऱ्हाइकाच्या गळ्याला कुठं कापलंय का ते आरसा धरून बघायचा. बघून झालं की परत बघायचा. बसून बसून माणसं कंटाळायची आणि उठून जायची. एका गालाला साबण लावलेले गडी भऱ्यात हिंडताना मी स्वतः पाहिलेत. शेवटी गाव म्हणालं, औंदा खळ्यावर सोपानाला वर्षभराच्या दाढ्यांचं भात द्यायचं नाही, पिरंगुटचा न्हावी आणायचा. म्हणजे पिढ्यांचं काम जाणार.

त्याची बायको हिराबाई त्याला हाताला धरून घेऊन आली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"याला मंत्रचळ म्हणतात," त्या म्हणाल्या. "मनात नको तो विचार येतो. तो घालवायला माणूस धुतो, तपासतो. थोडा वेळ बरं वाटतं, मग विचार परत येतो."

"कुनाला कापंल का वो हे?" हिराबाईनं विचारलं.

"नाही. त्यांना कापायचं नाहीये. कापेल अशी भीती आहे. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी."

औषध काय, तर एक्सपोजर. ज्याची भीती, तेच करायचं, आणि नंतर धुवायचं नाही, तपासायचं नाही. भीती येते, बसते, कंटाळून जाते, असं बाई म्हणायच्या. म्हणजे दाढी करायची, आरसा कपाटात. आता प्रश्न आला गळ्याचा. बाईंनी माझ्याकडं बघितलं.

"नामदेव, आजपासून तुमची दाढी फक्त सोपाना करतील."

"आन् त्यानं न्हाई केली तर?"

"तर वाढेल."

पहिल्या गुरुवारी सोपानानं गाल केले. गळ्याशी आला आणि त्याच्या डोळ्यांत कुणी नसल्यासारखं झालं. वस्तरा खाली पडला. बाहेरच्या नळावर तो संध्याकाळपर्यंत हात चोळत बसला. पुढचा आठवडा झोपलाही नाही. बाई सरळ म्हणाल्या, "मी एकच बाजू धरली. त्यांना तुमचा गळा दिसतच नाहीये, किसनचा दिसतोय. आधी तो घाव उघडायला हवा."

मग दुसरी पद्धत सुरू झाली. बाकावर बसायचं आणि अपघात सांगायचा. सुरुवातीपासून, आत्ता घडतोय तसा. पहिल्यांदा तो ट्रकात चढला आणि थांबला. पुढच्या खेपेला वळणापर्यंत आला. मी शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन. असं करत करत एकदा शेवटापर्यंत आला आणि लेकरासारखा रडला. झोपायला लागला. पण धुणं काही सुटेना.

इकडं माझी दाढी छातीला टेकायला निघाली. माझी बायको सखू शेजारणींना म्हणायची, "आमच्यात बैरागी उतरलाय. जेवतो लई, पन आशीर्वाद देत न्हाई."

भात कापणीला आलं होतं. हिराबाईचा जीव टांगणीला. त्या गुरुवारी बाईंनी सोपानाला सहज विचारलं, "पूर्वी दाढी करताना तुम्ही काय करायचात?"

"काय करनार? बोलायचो."

"सगळा वेळ?"

"गप बसून दाढी व्हती व्हय?"

बाईंनी पेन बंद केलं. "मग आज बोला. ट्रकची गोष्ट. गोष्ट तोंडानं, दाढी हातानं. दोन्ही एकदम."

मी देवाचं नाव घेतलं आणि खुर्चीत बसलो. हिराबाई दारात उभी.

सोपाना बोलायला लागला. ट्रक निघाला, वस्तरा गालावरून. वळण आलं, वस्तरा हनुवटीखाली. काच फुटली तेव्हा वस्तरा माझ्या गळ्यावर होता आणि त्याच्या डोळ्यांतलं गरम पाणी माझ्या कपाळावर पडत होतं.

"वस्तरा उचला. श्वास घ्या. बोलणं सोडू नका," बाई म्हणाल्या.

त्यानं वस्तरा उचलला. "मी दाबून धरलं हुतं, बाई. लई दाबून धरलं हुतं. पन दादा गेला." मग नाक पुसलं आणि परत वस्तरा टेकवला. "गेला," परत म्हणाला आणि गळा साफ करायला लागला.

तेवढ्यात मला चरचरलं. जबड्याखाली रक्ताचा एक थेंब.

सगळे थिजले. सोपाना बादलीकडं वळला, बाई बादलीपुढं उभ्या राहिल्या. त्याच्या अंगाला घाम सुटला. बराच वेळ तसाच गेला. माझी मान अवघडली.

"सोपाना," मी म्हणालो, "थेंब हाय. मी हाय. तुरटी लाव आन् पुढं सांग, मला डब्बा खायचाय."

त्यानं बाईंकडं बघितलं.

"तुरटी एकदाच," बाई म्हणाल्या.

त्यानं एकदाच लावली. खडा परत उचलायला हात गेला आणि मागं आला. मग दुसरी बाजू सुरू केली आणि आपणहून म्हणाला, "नामा, त्या ट्रकात आमचा किसनदादा काय म्हनला ठावं हाय का? म्हनला, नवरदेवाची मिशी त्याच्या बापाचीच आनून चिकटावलीया." आणि हसला. हिराबाई दारात पदर तोंडाला लावून हसत होती, रडतही होती. बाईंना चष्मा काढावा लागला.

घरी गेलो तर सखू म्हणाली, "अवं, कोन तुमी? आमचे मालक दाढीवाले हुते."

एका दाढीनं तो बरा झाला नाही. भीत भीत, बोलत बोलत कितीतरी दाढ्या झाल्या. पण त्या साली खळ्यावर त्याला भात मिळालं. गिऱ्हाइकं परत आली आणि त्याच्या बडबडीला पुन्हा वैतागली.

यंदा सखू गेली. दहाव्याला नदीवर माझं डोकं करायला सोपानाच आला. त्याचा पोरगा करणार होता, म्हातारा ऐकेना. तो सखूच्या बैराग्याची गोष्ट सांगायला लागला. कुणीतरी म्हणालं, अरे, आज तरी गप बस. मी म्हणालो, बोलू दे.

अर्धं डोकं झाल्यावर तो थांबला. "आता तू बोल," म्हणाला. "सुरवातीपास्नं."

मी बोललो. डोकं झालं, मिशी गेली, लोक आंघोळी उरकून आले, तरी मी बोलतच होतो. तो तुरटीचा खडा हातात धरून ऐकत बसला होता.

धडा म्हणाल तर एकच. दाढी वाढवायची तर घरात विचारून वाढवावी. आता विचारायला कुणी नाही, म्हणून मी रोज सोपानाकडं जातो. दाढी तो एकदाच घोटतो. बोलतो मात्र आम्ही दोघं.