एकावर एक दोन कवट्या

नाशिकला एका बंगल्याच्या तळमजल्यावर आमची छोटी कंपनी होती. सीटी स्कॅन कॉम्प्युटरवर पाहायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. दोन हजारनंतरची सुरुवातीची वर्षं ती; बहुतेक डॉक्टर अजून फिल्म उजेडावर धरूनच बघत.

लहान मुलांच्या एका सर्जननी मला बोलावून घेतलं. समोर कळवणकडची एक बाई लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलीच्या कवटीच्या हाडांमधला डावीकडचा सांधा वेळेआधीच जुळल्याने कपाळ त्या बाजूला चपटं राहिलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन करून तो मोकळा केला होता.

“आता नीट वाढतंय का डोकं?” बाईंनी विचारलं.

“वाढतंय, पण किती ते नुसतं बघून सांगता येत नाही.” मग डॉक्टर माझ्याकडे वळले. “आधीच्या आणि आत्ताच्या स्कॅनमध्ये डोकं वेगवेगळ्या कोनात आहे. एकावर एक बसवून दाखवाल?”

मी हो म्हणून बसले. आकार एकमेकांवर बसवणारा एक प्रोग्रॅम संशोधकांनी सगळ्यांसाठी खुला ठेवलेला सापडला. वयानुसार आकार कसा बदलतो याचा अंदाज बांधणारा दुसरा. दोन्ही आमच्या सॉफ्टवेअरात जोडण्यात हिवाळा गेला. अंदाजासाठी निरोगी कवट्या हव्या होत्या. पडल्यामुळे स्कॅन केलेल्या, पण काहीच न निघालेल्या मुलांचे जुने स्कॅन डॉक्टरांनी नावं काढून दिले.

पहिल्यांदा दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं.

“मी ऑपरेशन डावीकडे केलंय. हे उजवीकडे वाढ दाखवतंय.”

मी दोन्ही प्रोग्रॅम पुन्हा उघडून पाहिले. एक प्रोग्रॅम रुग्णाकडे समोरून बघत होता, दुसरा मागून. जोडताना डावं-उजवं उलटलं होतं. मग प्रत्येक स्कॅनमध्ये डाव्या कानापाशी खूण करून मी सगळं पुन्हा तपासलं.

माय-लेकी पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा मीही तिथे होते. डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. “ही आधीची कवटी, ही आत्ताची. आणि ही फिकी रेषा या वयाच्या इतर मुलांची. डावी बाजू अजून थोडी मागे आहे, पण जवळ येतेय.”

“म्हंजे परत कापायचं नाय?”

“आत्ता तरी नाही.”

बाईंनी लेकीच्या कपाळावरून हात फिरवला. “मग शाळेत घालू हिला? कुणी ढकललं तर, म्हणून घरीच ठेवली व्हती.”

“जूनमध्येच घाला.”

मुलीचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. तिला माउस सापडला होता आणि पडद्यावरची स्वतःची कवटी ती गरागरा फिरवत होती.