मुंग्या न येणारी पेटी

शांतलिंगनं बायकोला लोखंडी पेटीत कोंडून घातलंय, अशी आवई शहाऐंशीच्या चैत्रात अणदूरभर फिरत होती. ती साफ खोटी होती, हे मी छातीठोक सांगतो. न्हाव्याच्या दुकानात ती सोडली होती मीच. नागम्मा चार दिवस माहेरी नळदुर्गला गेलेली. पेटीत घटकाभर बसायचा तो खुद्द शांतलिंग. दारं ओढून, उकिडवा, पुढ्यात गुळाचा खडा ठेवून.

शांतलिंग माझा शेजारी. हायवेला लागून त्याचं वेल्डिंगचं दुकान. बोलणं दिवसाला सहा शब्द, त्यातले चार गिऱ्हाइकाला. मोडीतल्या वस्तूत माणसं बसवायचा मात्र त्याला भारी नाद. भंगारातल्या एसटीच्या सांगाड्याचं त्यानं चहाचं हॉटेल केलं होतं, डांबराच्या पिंपांचे पाण्याचे हौद केले होते. म्हणून आमच्या शिवण संस्थेचे चेअरमन आण्णासाहेब यांनी मुंबई बंदरावरनं जहाजाचा जुना कंटेनर ट्रकवर घालून आणला, तेव्हा तो थेट त्याच्याच दारात उतरवला. गावानं त्याला नाव दिलं पेटी. तिची बायकांसाठी शिवणशाळा करायची होती. बारा मशिनी, बारा बायका.

त्या साली विहिरींचे तळ दिसत होते. बायका पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होत्या. सावलीत बसून पोटाला मिळेल, एवढ्यावरच त्या पेटीकडं देवळाकडं बघावं तशा बघायच्या. पहिल्या मशिनीवर नाव नागम्माचं, दुसरीवर माझ्या बायकोचं, द्वारकाबाईचं.

शांतलिंगनं गॅसकटरनं पत्र्यात खिडक्या कापल्या. कापताना ठिणगी खालच्या लाकडी फळ्यांवर पडली आणि धूर निघाला. पिकावर फवारायच्या औषधासारखा उग्र, पण मागं कुठंतरी गोडसर. त्यानं थांबून फळी हुंगली.

नागम्माचा एक नेम होता. घरात पीठ असो नसो, रोज सकाळी चिमूटभर पीठसाखर मुंग्यांना घालायची. माहेरी निघताना तिनं ती चिमूट पेटीच्या दाराआत घातली. उद्या जिथं बसायचं तिथं पुण्य असावं म्हणून. चार दिवसांनी परत आली तर पीठसाखर जशीच्या तशी. दुष्काळात मुंग्या माणसाच्या ताटात चढत होत्या, आणि इथं साखरेला तोंड नाही! बाहेरून त्यांची रांग उंबऱ्यापर्यंत यायची, लोखंडाच्या काठाशी अडायची आणि वळून जायची.

शांतलिंगनं हे आण्णासाहेबांच्या कानावर घातलं.

"अरे, पत्रा तापतो," आण्णासाहेब हसले. "मुंग्यांचे पाय भाजत असतील."

शांतलिंगनं तसलाच गुळाचा खडा विहिरीवरच्या मोटारीच्या पत्र्याच्या खोलीत ठेवला. ती तर तव्यासारखी तापायची. दुपारपर्यंत तो खडा काळा झाला मुंग्यांनी. पेटीतला पिवळाच.

मला तर रानच मोकळं मिळालं. "शांतलिंग, मुंग्यांना निमंत्रणपत्रिका छापलीस का न्हाय?" असं येताजाता विचारायचो. शेवटी पैज मारली आणि एका दुपारी चादर घेऊन पेटीत जाऊन झोपलो.

जाग आली ती ओठांना मुंग्या आल्यानं. बाहेरच्या मुंग्या येत नव्हत्या, माझ्या ओठांत मात्र त्यांचं वारूळ झालं होतं. तोंडाला लाळ सुटलेली. खिडकीचा उजेड सुईच्या भोकाएवढा दिसत होता. हाक मारायला गेलो तर जीभ उचलेना. शांतलिंगनं पायाला धरून ओढत बाहेर काढलं, तेव्हा उलटी झाली.

"पिराजीमामा, आता सांगा लोकांना," तो म्हणाला.

मी काय सांगितलं? ऊन लागलं, असं सांगितलं. अख्ख्या गावाला हसवणारा मी, स्वतःचं हसं व्हायला भ्यालो. झालं, उद्घाटन सोमवारी ठरलं.

रविवारी दिवसभर शांतलिंगच्या दारातनं पहारीचा आवाज येत होता. तोंडाला ओलं फडकं बांधून त्यानं एकेक फळी उचकटली. खालच्या लोखंडी आडव्या पट्ट्यांमध्ये पांढरी भुकटी थिजून बसलेली. जहाजावर त्या पेटीतनं कधी काय नेलं होतं, ते आजवर कुणाला कळलं नाही. फळ्या, भुकटी सगळं त्यानं लांब माळावर पुरलं. त्या जागेवर अजून कुसळ उगवत नाही; शेळ्यासुद्धा वळसा घालून जातात. शांतलिंगला त्या दिवसापासनं जो खोकला लागला तो काही सुटला नाही.

पेटी पुढं चुन्यानं दोनदा धुतली, शहाबादी फरशी घातली, दोन पावसाळे दारं उघडी ठेवली. नागम्मा रोज आत पीठसाखर घालायची. ज्या सकाळी ती चिमूट मुंग्यांनी नेलेली दिसली, त्या सकाळी बायका मशिनी घेऊन आत गेल्या.

पण सोमवारी हे कुणाला ठाऊक होतं? फुलांचं तोरण लागलेलं, आणि पेटीला तळच नाही! बारा जणी पदर खोचून उभ्या. आमची द्वारकाबाई दुसरी. आण्णासाहेबांचा चेहरा लाल.

"शांतलिंग, संस्थेचं वाटोळं केलंस! या बायकांना परत खडी फोडायला धाडणार तू? तेही मुंग्या सांगतात म्हणून?"

बायकांत कुजबुज सुरू झाली. नागम्मासुद्धा नवऱ्याकडं रागानं बघत होती. शांतलिंगनं माझ्याकडं पाहिलं. मी माझ्या चपलांकडं पाहिलं.

"आजच्या आज फळ्या परत बसव," आण्णासाहेब म्हणाले.

शांतलिंग खोकला, फडक्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "बसवतो की. पण आण्णासाहेब, आधी तुमच्या सूनबाईला आठ दिवस आत बसवा. मग आमच्या बायका बसतील."