सव्वाशे रुपयांचा बेडूक

लोखंडाच्या बाजारात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला प्लास्टिकच्या एका डबीने लोळवलं, यात डबीचा काही दोष नाही. दोष मोहनशेठचा आहे. हे मी तेव्हाही सांगत होतो, आजही सांगतो. (आमच्या घरात कोणी ऐकून घेत नाही, म्हणून लिहून काढतोय.)

नव्वद साल उलटून गेलं होतं. आम्ही खांदा कॉलनीत नवे नवे राहायला आलो होतो आणि कळंबोलीच्या बाजारात माझा लोखंडाचा गाळा होता. हमालीपासून सुरुवात करून मी तो उभा केला, तो निव्वळ जिभेच्या जोरावर! समोरच्याने शंभर म्हटलं की माझ्या तोंडून साठ आपोआप निघायचे. स्वतःच्या लग्नात मी भटजींच्या दक्षिणेवर घासाघीस केली होती. आमची सुनंदा म्हणते, तिने तेव्हाच पाटावरून उठायला हवं होतं.

माझ्या मेहुण्याने दुबईहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणून दिला होता. सोबतची एकुलती एक कॅसेट महिनाभरात बंद पडली. (मेहुण्याने आणलेली वस्तू. जास्त बोलत नाही.) "चौथीची स्कॉलरशिप मिळव, पाहिजे ती नवी कॅसेट देतो," असं मी आमच्या वैशालीला बेसावधपणे बोलून गेलो. आणि कार्टीने मिळवली!

तिला हवी होती ती कॅसेट पनवेलच्या बाजारात मोहनशेठच्या दुकानात काचेमागे ठेवलेली होती. डबीवर छत्री घेतलेल्या बेडकाचं चित्र. त्या बेडकाने सात पूल ओलांडून आपल्या तळ्यात परत जायचं, एवढाच खेळ. किंमत साडेतीनशे.

साडेतीनशे! बेडकाला!

मी खिळासुद्धा चौकशी केल्याशिवाय घेत नाही. आधी शेजारच्या देशपांडेंना विचारलं. ते बँकेत होते आणि पुण्याला भावाकडे हा खेळ खेळून आले होते.

"उत्तम आहे हो! काय ते रंग, काय ते संगीत! फक्त तिसरा पूल ओलांडता येत नाही."

"आणि पुढचे चार पूल?"

"ते असतील ना छान!"

मग बळीरामला विचारलं. तो गव्हाणचा, माझा माल ट्रकने पोचवायचा. त्याच्या घरी हीच कॅसेट होती.

"नाय शेट, एकदम बेकार! तिसऱ्या पुलावर बेडूक बुडतो म्हंजे बुडतोच. आमचे पोरीनं रिमोट भिंतीवर आपटला."

"म्हणजे परत घेणार नाहीस?"

"घेणार ना! लय मजा येते!"

वैशालीच्या वर्गात निम्म्या पोरी 'मस्त' म्हणत होत्या, निम्म्या 'बकवास'. मी आठवडाभर मतं गोळा करत हिंडलो. शेवटी सुनंदा चिडली. "अहो, पोरीला हवाय ना? आणून टाका. बेडूक घेताय की जावई बघताय?"

तिला धंदा कळत नाही. चांगली मतं असतात वस्तू घ्यायची की नाही ते ठरवायला, आणि वाईट मतं असतात दुकानदाराच्या तोंडावर फेकायला. मला तर दोन्ही भरपूर मिळाली होती! बेडूक घ्यायचा हे नक्की झालं.

रविवारी सकाळी निघण्याआधी मी वैशालीची तयारी करून घेतली. "दुकानात वस्तू आवडलीय असं दाखवायचं नाही. चेहरा कसा करशील?"

तिने एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा केला.

"शाब्बास! माझी पोरगी शोभतेस!"

इथे मोहनशेठबद्दल सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी त्याने दुकानातल्या मांडण्यांसाठी माझ्याकडून लोखंडी अँगल घेतले होते. आमच्या बाजाराची रीत अशी, की घेणाऱ्याने भाव बोलायचा आणि विकणाऱ्याला पटला तर त्याने फक्त 'दिला' म्हणायचं. कागद नाही, सही नाही. एकदा 'दिला' झालं की ब्रह्मदेव आला तरी सौदा मोडत नाही. मोहनशेठ भाव बोलला, मी 'दिला' म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी लोखंडाचा भाव उतरला. तो धावत आला. "शेठ, थोडं कमी करा ना." मी गाळ्याबाहेर येऊन, चार लोकांना ऐकू जाईल असं ओरडलो होतो, "बाजारात 'दिला' म्हणजे दिला! जबान नसलेल्या माणसाने लोखंड घेऊ नये!"

हे मी विसरलो होतो. तो विसरला नव्हता.

दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. योगायोगाने बळीरामही ट्यूबलाइट घ्यायला आला होता. मी काचेतल्या डबीकडे बोट केलं. "काय हो, हा बेडूक अजून पडूनच?"

"साडेतीनशे, शेठ. तुमच्यासाठी तीनशे."

"तीनशे? अहो, फुकट दिला तर घरात घेऊ नये! तिसऱ्या पुलावर बुडतो हा!"

"तीच तर गंमत आहे खेळाची."

"गंमत? पोरं रडतात! रिमोट भिंतीवर आपटतात! या बळीरामला विचारा!"

"हाय, आपटला," बळीरामने साक्ष दिली.

मग मी जो सुटलो! पोरांचे डोळे जातात. अंगठे सुजतात. टीव्हीची पिक्चर ट्यूब उडते. गव्हाणला एक पोरगी तीन दिवस जेवली नाही! (बळीराम माझ्याकडे बघायला लागला. मी थांबलो नाही.) एका बाईंनी हातात धरलेली दुसरीच कॅसेट गुपचूप ठेवून दिली. एक गृहस्थ आपल्या मुलाचा हात धरून बाहेर पडले. वैशाली माझ्या शेजारी असा काही चेहरा करून उभी होती, की माझा ऊर भरून आला. काय अभिनय! डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं होतं!

मोहनशेठ दोनशेवर आला. आता शेवटचा घाव. दीडशेला सौदा ठरेल या हिशेबाने मी गरजलो, "सव्वाशे! एक पैसा वर नाही!"

त्याने दुकानभर नजर फिरवली. माझ्या भाषणानंतर ती कॅसेट पनवेलात कोणी घेणार नव्हतं, हे त्याला दिसत होतं. तो गोड हसला.

"दिला."

मी खिशात हात घातला, तेवढ्यात वैशालीने माझा शर्ट ओढला. "बाबा, मला नको."

"शाब्बास," मी कुजबुजलो. "आता पुरे. झाला सौदा."

"खरंच नको! बेडूक बुडतो. ती मुलगी जेवली पण नाही!" आणि ती भोकाड पसरून रडायला लागली.

माझा हात खिशातच राहिला. "मोहनशेठ, पोरगी नको म्हणतेय..."

मोहनशेठ काउंटरमागून बाहेर आला. दुकानाच्या दारात उभा राहिला. रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाजारात 'दिला' म्हणजे दिला! जबान नसलेल्या माणसाने बेडूक घेऊ नये!"

मी बळीरामकडे पाहिलं. हा माणूस उद्या सकाळी कळंबोलीत पोचणार होता. तो मान हलवत म्हणाला, "शेट, सबूद म्हंजे सबूद."

मी सव्वाशे रुपये मोजले. मोहनशेठने पावतीसुद्धा दिली!

घरी सुनंदाने डबीकडे पाहिलं, रडून लाल झालेल्या पोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "स्कॉलरशिप मिळवली म्हणून तिला ही शिक्षा का?"

मी ती कॅसेट शंभरला देशपांडेंच्या गळ्यात मारायला गेलो. ते म्हणाले, "छे हो, पिक्चर ट्यूब उडते म्हणे!" बळीरामला नव्वदला देऊ केली. "शेट, एक बेडूक हाय ना घरात. आनि ती पोरगी कुनाची ते सांगा आधी. गावात इचारतात मला!"

पण पोरीला दिलेला शब्द तसाच होता. तिला आता बॅडमिंटनच्या रॅकेटी हव्या होत्या. त्याही मोहनशेठच्याच दुकानातल्या! तिने एकच अट घातली. "बाबा, तुम्ही बाहेर थांबायचं. बोलायचं नाही." मी रस्त्याच्या पलीकडे उसाच्या गुऱ्हाळापाशी उभा राहिलो. मायलेकी आत गेल्या, मोहनशेठने सांगितले तेवढे पैसे मोजले आणि हसत बाहेर आल्या. मला तिथेच घेरी यायची बाकी होती.

बेडकाचं काय झालं? पैसे दिलेली वस्तू वाया कशी घालवायची! रविवारी दुपारी मीच खेळायला बसू लागलो. तिसऱ्या पुलावर बुडायचो, मोहनशेठला शिव्या घालायचो आणि पुन्हा सुरू करायचो. (बळीराम खरं सांगत होता. लय मजा येते.)

खरी जखम पुढे आहे. मोहनशेठने बेडकाच्या आणखी कॅसेटी मागवल्या आणि गिऱ्हाइकाने "कसा आहे हो खेळ?" विचारलं, की तो म्हणायचा, "मी काय सांगू? कळंबोलीच्या शेठना विचारा. त्यांनी घेतलाय." लोक सरळ माझ्या गाळ्यावर यायचे! आता सांगायचं काय? वाईट म्हणावं, तर बेकार माल घेणारा मूर्ख मीच. मग मी छाती फुगवून सांगायचो, "एक नंबर खेळ! डोळे झाकून घ्या!"

त्या वर्षी माझ्या शब्दावर मोहनशेठने अकरा बेडूक विकले. साडेतीनशेला एक. कोणी पाच रुपये कमी करून मागितले नाहीत!

मी तणतणत दुकानात गेलो. "मोहनशेठ, माझं कमिशन?"

"द्यायलाच हवं, शेठ," तो हात जोडून म्हणाला. "पण आमच्याकडे कमिशन मालात देतात. तुम्ही फक्त आकडा बोला. किती बेडूक?"

आयुष्यात पहिल्यांदाच मी आकडा न बोलता दुकानातून बाहेर पडलो. न जाणो, 'दिला' म्हणायचा!