तिची दोन नावं

ताटात तांदूळ निवडायले घेतले की मले अकोल्याचं ते ऑनलाइन सेंटर आठवते. लग्नात मी अशाच तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहिलं होतं. रेशनकार्डावर तेच चढलं, पण आधारवर माहेरचं राहिलं. तिच्या पोटाच्या ऑपरेशनसाठी मोफत इलाजाचं कार्ड पाहिजे होतं. कॉम्पुटरवरची मॅडम म्हणे, "बाबा, ह्या दोन बाया दिसून राहिल्या." मी चिडलो, "नाव म्याच बदललं, मी सांगून राहिलो ना!" "तुमचं सांगणं चालत नाही, बाबा." ही बाकावर पोट धरून बसली होती. म्हणाली, "दोन असत्या तं एक सैपाकाले घरी ठेवली असती, मॅडम." कागद जुळवता जुळवता ही गेली. मृत्यूचा दाखला मी ठेवलेल्या नावाचा आहे. कॉम्पुटरात माहेरची ती अजून जिवंतच आहे.