सरदारांच्या पाळण्यात बाळ

म्युझियममध्ये नोकरी केलेल्या माणसाकडे किस्से साठतातच. माझ्याकडे तर गोणीभर आहेत. नव्वदच्या दशकात नाशकातल्या एका सरदारांच्या राहत्या घराचं म्युझियम झालं आणि मी तिथे गाईड म्हणून लागलो. लोक जुन्या वस्तू नुसत्या बघायला येतात, असा माझा भाबडा समज होता.

*

सुरुवातीलाच हबकलो. रामकुंडावर आंघोळ करून आलेल्या एका काकांनी भिंतीवरच्या भाल्यांवर चक्क ओलं धोतर वाळत घातलं होतं! मी ओरडलो, तर शांतपणे म्हणाले, "वाळलं की काढतो. पळून चाललोय का?"

*

सरदारांच्या पलंगावर निफाडचे एक गृहस्थ घोरत होते. हलवून उठवलं, तर माझ्यावरच चिडले.

"चपला बाहेर काढल्यात ना? मग?"

*

दिवाणखान्यात एकदा मुलगी बघायचा कार्यक्रम झाला. मुलाचे वडील सरदारांच्या लोडाला टेकून मुलीकडच्या बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगत होते, "वास्तू जुनी आहे, पण ऐसपैस." तिकिटं मुलाच्या मामांनी आधीच काढून ठेवली होती. मी काही बोलणार, तोच मुलाचे वडील मला म्हणाले, "जरा पाणी आणा पाहू."

आणि मी आणलं हो!

*

या सगळ्याचा खरा त्रास आमच्या क्युरेटर मॅडमना. वस्तूला बोट लागलेलं त्यांना चालत नसे आणि चुकीची माहिती तर मुळीच नाही. एका तलवारीबद्दल मी थाप ठोकली, तेव्हा त्यांनी मला पाहुण्यांसमोर झापलं होतं.

एका दुपारी वरच्या मजल्यावर गेलो, तर काय! सरदारांच्या चांदीच्या पाळण्यात खरंखुरं बाळ! इगतपुरीकडची एक बाई झोका देत होती. त्या पाळण्याची माहिती आम्ही रोज सांगायचो. सरदारांनी वारसासाठी हौसेने करवून घेतला, पण मूल झालंच नाही. घराणं तिथेच संपलं. पाळणा एकदाही वापरला गेला नाही.

मॅडम धावत आल्या. आता या बाईचं काही खरं नाही, असं मला वाटलं.

बाईने हात जोडले. "म्याडम, आधीची दोन नाय वाचली माझी. लय भ्या वाटतं. मोठ्या घरचा पाळणा हाय, घटकाभर निजू द्या याला." मग हळूच विचारलं, "यातली समदी लेकरं जगली ना वो?"

मी मॅडमकडे बघायचं टाळलं.

"सगळी," मॅडम म्हणाल्या आणि पाळण्याची दोरी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली.